हातचा एक

टेमा बंदराच्या चार नंबर गेटबाहेर, पत्र्याच्या टपरीत
मी लोकांना आकडे सांगतो. अदमासे.
खरा आकडा आत असतो, पंख्याखाली;
माझा बाहेर, उन्हात.
पेन्सिल वापरतो. पेनाने लिहिलं
की माणसं विश्वास ठेवतात.

मंगळवारी जिफा आग्बेको आली, केटाहून, रात्रीच्या गाडीने.
भावाने हॅम्बुर्गहून कणीक मळायचं यंत्र धाडलंय.
ज्या बेकरीत तो एकोणीस वर्षं रात्रपाळीला होता
ती बंद पडली, आणि मालकीण
पगाराचं शेवटचं पाकीट देताना म्हणाली, हेही घेऊन जा.

"किंमत?"
"फुकट," जिफा म्हणाली, आणि पत्र पुढे केलं,
तिरप्या अक्षरातलं, दोन ठिकाणी सही.

बाई, फुकट हा शब्द या फॉर्मात मावत नाही.
शून्याला कितीनेही गुणा, शून्यच;
म्हणून तर सरकारला शून्य आवडत नाही.

तर मांडू.
असंच यंत्र नवं केवढ्याला, त्यातून झीज वजा.
त्यात जहाजाचं भाडं मिळवा.
त्यात विमा.
"भाड्यावरही कर? ते तर आम्ही भरलंय."
हो.
"म्हणजे भाऊ जितका दूर, तितका कर जास्त?"

पेन्सिल थांबली. सव्वीस वर्षांत
असं सरळ कुणी विचारलं नव्हतं.
हो, म्हणालो. अंतर मालात धरतात.
आणि वाटेत बुडेल ही जी भीती,
तिचा हप्ताही मालातच धरतात.
या सगळ्यावर जकात. जकातीसकट जी बेरीज होईल
तिच्यावर पुढचा कर.
बकरीचा घेतात, बकरीवरच्या माशीचाही घेतात.

आठ नि सात पंधरा. पाच लिहिले, हातचा एक.
हा एक कुठे लिहीत नाहीत, नुसता लक्षात ठेवतात.

झीज किती धरू, म्हणून भावाला फोन लावला, स्पीकरवर.
एडेम त्याचं नाव. मागे नळ वाहत होता.
"पातं दोनदा बदललं, मोटर एकदा.
माझा डावा खांदा मात्र मूळचाच आहे.
त्याची झीज कुठल्या रकान्यात?"
तसा रकाना नाही, मी म्हणालो.
पण तू स्वतः आलास तर तुझ्यावर जकात नाही.
नळ बंद झाल्याचं ऐकू आलं.
जिफाने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला,
आणि पाठ फिरवून बराच वेळ बोलली.
त्यांच्या एवेतलं मला निम्मंच कळतं.
निम्मं पुरेसं होतं.

गुरुवारी पेटी उघडली.
आतले साहेब, कडक इस्त्री, हातात टॉर्च,
भांड्याच्या तळाशी वाकले.
कडेला कणीक चिकटलेली, वाळून दगड झालेली,
कुठल्याशा शेवटच्या पाळीची.
साहेबांनी नखाने खरवडली.
"हे खाद्यपदार्थात धरायचं का?"
कुणी हसलं नाही. मग तेच हसले,
आणि माझ्या आकड्यापेक्षा
चारशे बारा सेडी जास्त लावले.

रात्री पुन्हा मांडून पाहिलं.
झीज त्यांनी कमी धरली, तो त्यांचा अधिकार;
तीनशे त्यातच गेले.
उरलेले शंभरेक माझे.
भाड्याच्या बेरजेत, जिथे तिने विचारलं
भाऊ जितका दूर,
नेमका तिथे हातचा धरायचा राहिला होता.

शुक्रवारी ते माझ्या फीमधून वजा केले.
सवलत, म्हणालो. केटाच्या लोकांना देतो.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग टपरीबाहेर ट्रकवर दोरांनी बांधलेल्या त्या यंत्राकडे,
आणि पावती मागितली.
मी पेन्सिल उचलली.
"पेनाने," ती म्हणाली.